'रामसर' दर्जा मिळाला म्हणजे नक्की काय मिळालं?

ऐरोलीकर
ठाणे खाडी 'रामसर स्थळ' झाल्याचं २०२२ पासून ऐकतोय. फलक लागले, दर फेब्रुवारीत भाषणं होतात. पण काही गोष्टींचा उलगडा होत नाही. हा दर्जा देतं कोण? बातम्यांत कधी युनेस्को लिहितात, कधी आययूसीएन (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ), कधी नुसतंच 'आंतरराष्ट्रीय संस्थेने'. फ्लेमिंगो अभयारण्य आहे १७ चौरस किलोमीटरच्या आतबाहेर आणि रामसर क्षेत्र सांगतात ६५. मधले ४८ कुठून आले? आणि मुख्य प्रश्न: उद्या खाडीकाठी कुणी रात्रीतून डंपरभर राडारोडा ओतला, तर या दर्जाच्या जोरावर त्याला अडवता येतं का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

चहाटळ
मला इतके दिवस वाटत होतं की राम सर म्हणून कुणी निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या नावाने तळ्यांना दर्जा देतात.

पाणथळी
चहाटळ, अगदीच चुकलेलं नाही. माणूस नाही, गाव आहे. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी. २ फेब्रुवारी १९७१ला तिथे पाणथळ जागांबद्दल करार झाला, १९७५च्या डिसेंबरात लागू झाला. भारत १ फेब्रुवारी १९८२पासून सदस्य आहे. फेब्रुवारीतली भाषणं त्या १९७१च्या तारखेमुळे.

ऐरोलीकर, घोळ होतो तो इथे: रामसर ही संस्था नाही, देशादेशांतला करार आहे. त्याचं सचिवालय स्वित्झर्लंडमधल्या ग्लाँ गावात, आययूसीएनच्याच मुख्यालयात बसतं. कराराची मूळ कागदपत्रं सांभाळायचं काम युनेस्कोकडे. म्हणून बातमीदार हाताला लागेल ते नाव टाकतात. आणि दर्जा 'देतं' कोण, तर कुणीच नाही. देश स्वतः आपली जागा यादीत घालतो, सचिवालय कागद तपासून नोंदवून घेतं. आपल्याकडे हा अधिकार फक्त केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला. एखाद्या संस्थेने कितीही सुंदर अहवाल केला तरी तो राज्याच्या वनविभागामार्फत किंवा राज्य पाणथळ प्राधिकरणामार्फत दिल्लीला जाणार आणि तिथून ग्लाँला.

एकाच जागेच्या दोन तारखा दिसतात त्याही यामुळेच. नांदूर मध्यमेश्वरची यादीतली तारीख २१ जून २०१९ आहे, बातमी आली जानेवारी २०२०मध्ये. कागद तपासून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो.

खाजणकर
६५चं गणित सोपं आहे. २०१५ साली अधिसूचित झालेलं अभयारण्य १,६९० हेक्टर. त्याच्याभोवतीचं 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' सुमारे ४,८३० हेक्टर. बेरीज ६,५२१. रामसरसाठी दोन्हींची मिळून एकच हद्द दाखवली आहे.

याचा व्यवहारातला अर्थ मात्र लक्षात घ्या. आतल्या १७ चौरस किलोमीटरला वन्यजीव संरक्षण कायदा लागू. बाहेरच्या ४८ला पर्यावरण संरक्षण कायद्याखालची अधिसूचना. भरतीरेषेच्या अलीकडे-पलीकडे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम). रामसर हे या सगळ्यावर अंथरलेलं चौथं पांघरूण. ऊब खालच्या तिघांची.

उलटतपासणी
म्हणजे थोडक्यात फलक. दंड नाही, पोलीस नाही, पैसाही नाही. अशा कराराचं करायचं काय? भरतपूरचं केवलादेव उद्यान १९९०पासून 'धोक्यातल्या' यादीत पडून आहे, काय वाकडं झालं कुणाचं?

पाणथळी
पैसा नाही हे बरोबर. केंद्राची जलीय परिसंस्थांची योजना आहे, केंद्र-राज्य ६०:४० वाट्याने. त्यात रामसर स्थळाचं पारडं जड होतं इतकंच.

दंड नाही हेही बरोबर. पण कलम ३.२ वाचा: जागेचं नैसर्गिक स्वरूप बदललं, बदलतंय किंवा बदलण्याची शक्यता आहे, असं कळलं तर देशाने सचिवालयाला विनाविलंब कळवायचं. त्यासाठी सुरुवातीलाच ते स्वरूप काय होतं हे माहितीपत्रकात लिहून द्यावं लागतं: खोली, क्षारता, गाळ, वनस्पती, पक्षी, लोक काय वापर करतात. दर सहा वर्षांनी ते पत्रक नव्याने भरायचं. या पत्रकामुळेच पुढे कुणी 'इथे आधीपासूनच काही नव्हतं' म्हणाला तर त्याच्यासमोर सरकारनेच लिहून दिलेला कागद ठेवता येतो.

यादीतून जागा काढायची किंवा हद्द आकसायची तर 'तातडीचं राष्ट्रीय हित' दाखवावं लागतं आणि बदल्यात शक्य तितकी दुसरी जागा द्यावी लागते. कलम २.५ आणि ४.२.

कुतूहल
नऊ निकष असतात ना? आपल्या गावच्या तळ्याला २०,००० पक्षी कुठून आणायचे?

पाणथळी
नऊपैकी एक पुरला तरी चालतो. २०,००० पाणपक्षी हा पाचवा. सहावा आहे एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का. बाकीचे दुर्मीळ प्रकारची पाणथळ, संकटग्रस्त जाती, माशांची अंडी घालायची जागा वगैरे.

पाचव्या निकषात 'नियमितपणे' हा शब्द आहे आणि प्रस्ताव तिथेच गळतात. एका वर्षी वीस हजार दिसले, फोटो काढले, संपलं असं नाही. निदान तीन हंगामांची आकडेवारी हवी आणि त्यातल्या दोन-तृतीयांश हंगामांत संख्या पार झालेली हवी. नाहीतर निदान पाच वर्षांच्या कमाल संख्यांची सरासरी काढायची.

खाजणकर
आणि ही गणना कधी करता त्यावर सगळं. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, वेटलँड्स इंटरनॅशनल ती १९८७पासून चालवतं. पण खाडीत रोहित (फ्लेमिंगो) सर्वांत जास्त असतात ते जानेवारीनंतर, उन्हाळ्याकडे. नुसत्या जानेवारीच्या आकड्यावर विसंबलं तर खाडी अर्धीमुर्धीच मोजली जाते.

खाडीत मोजायची पद्धतही तळ्यासारखी नाही. ओहोटीला पक्षी मैलोन्‌मैल चिखलावर पसरतात, काठावरून फक्त गुलाबी रेघ दिसते. तेव्हा मोजायला गेलात तर अंदाजपंचे दाहोदरसे. पाणी चढायला लागलं की ते गोळा होतात, तेव्हा होडीतून मोजायचं. उधाणाच्या भरतीला चिखल पूर्ण बुडतो आणि थवे खाडी सोडून काठच्या उथळ तळ्यांवर जातात. तिथे एकाच वेळी, प्रत्येक तळ्यावर वेगळा माणूस ठेवून मोजायचं. शिवडीला सकाळी मोजलेला थवा दुपारी ऐरोलीला परत मोजला जाणं हा नेहमीचा गोंधळ. मोजताना आधी दहाचा गट नीट मोजा, तो डोळ्यात बसवा, मग शंभराचा, मग त्या शंभराच्या चौकटी थव्यावर सरकवत जा. करडी पिल्लं चिखलाच्या रंगात मिसळतात, हटकून सुटतात.

चहाटळ
शंभराच्या चौकटी सरकवत मोजणं ही तर लग्नाच्या पंगतीची पद्धत. तिथेही तेच ताट दोनदा मोजलं जातं.

धरणवाला
उलटतपासणी, तुम्ही केवलादेव सांगितलं, मी ओडिशातलं चिलिका सरोवर सांगतो. एकाच 'माँत्रो नोंदवहीत' दोघं होते. (१९९०च्या माँत्रो परिषदेत सुरू झालेली, बिघडत चाललेल्या रामसर स्थळांची ही यादी.) चिलिका १९९३ला तिच्यात गेलं आणि २००२ला बाहेर आलं. आशियातलं पहिलं.

बिघडलं काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखा दरवर्षी गाळ आणून ओततात. दुसऱ्या बाजूने समुद्रकिनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू सरोवराचं मुख ईशान्येकडे ढकलत नेते. मुख जितकं दूर, तितका मधला चर लांब आणि अरुंद. भरतीचं पाणी आत पोहोचेना, ओहोटीला गाळ बाहेर जाईना. सरोवर गोडं पडत गेलं, गोड्या पाण्याचं गवत माजलं, आणि खाऱ्या-मचूळ पाण्यावर जगणारी कोळंबी, मासे, खेकडे कमी झाले. म्हणजे दुखणं पक्ष्यांचं नव्हतंच, पाण्याच्या ये-जा करण्याचं होतं.

उपायाचं गणित आपल्या इथे झालं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने प्रतिकृतीवर भरतीचा प्रवाह, क्षारता, गाळ यांचा हिशेब मांडला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचाही अभ्यास होता. निष्कर्ष असा की जुना चर कितीही उपसला तरी भागणार नाही, सातपाड्याजवळ वाळूच्या दांड्यातून नवं मुख काढा. २३ सप्टेंबर २०००ला ते काढलं. समुद्राचं अंतर जवळपास १८ किलोमीटरने तुटलं. आतल्या बाजूचा चर उपसला नसता तर नुसतं मुख उघडून काही झालं नसतं, पाणी दारातच घुटमळलं असतं. मासेमारी दोन वर्षांत कित्येक पटींनी वाढली. डिसेंबर २००१मध्ये रामसरचं सल्लागार पथक येऊन पाहून गेलं, मग नाव निघालं.

आता यात रामसरचं काय? खोदलं ओडिशाने, गणित पुण्याने केलं. पण 'धोक्यात' हा शिक्का डोक्यावर नसता तर वाळूचा दांडा फोडायला पैसा आणि परवानगी मिळाली असती का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. मी 'नाही' म्हणेन.

उलटतपासणी
चिलिकाचं मान्य. तरी केवलादेवचं उत्तर टाळलंत.

विदर्भवासी
मी देतो. केवलादेवला आपण स्वतःच्या हाताने बिघडवलं, तेही संरक्षणाच्या नावाखाली. १९८२ला राष्ट्रीय उद्यान होताच म्हशी चारायला बंदी केली. म्हशी खात होत्या ते पासपालम गवत मोकाट सुटलं, उघडं पाणी झाकून टाकलं. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दहा वर्षांच्या अभ्यासाने दाखवलं की चराई बंद करणं चुकलं. दुसरं दुखणं पाण्याचं. उद्यानाला दरसाल सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं, ते अजान बांधातून यायचं. वर पांचना धरण झालं आणि खालच्याला पाणी राहिलं नाही. पुढे गोवर्धन नाल्यातून नळाने पाणी आणलं. पण नदीच्या पुराबरोबर मासे, बियाणं, किडे येतात, नळाच्या पाण्याबरोबर ते तसे येत नाहीत. सायबेरियन क्रौंच २००२नंतर तिथे दिसलेला नाही.

शिक्का तोच, नोंदवही तीच. चिलिकाचं दुखणं एका मुखाने सुटणारं होतं, केवलादेवचं वरच्या शेतकऱ्यांशी पाणी वाटून घेतल्याशिवाय सुटत नाही. ग्लाँच्या सचिवालयाने पांचनाचे दरवाजे उघडावेत ही अपेक्षाच चूक.

गोंयकार
म्हशींवरून आठवलं. कुडचडेचं नंदा तळं, गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, २०२२. सगळं मिळून ४२ हेक्टर. तिथे माणसाला बाहेर काढलेलं नाही. जुवारीच्या उपनदीला लागून दलदल आहे, पावसाळा सरल्यावर पाणी अडवून ठेवतात आणि त्यावर खालच्या अंगाला भात पिकवतात. करारात याला 'सुज्ञ वापर' म्हणतात. लोकांनी अडवणं बंद केलं तर तळं तळं राहणार नाही. रामसर म्हणजे कुंपण असं समजून जे घाबरतात त्यांनी हे बघून घ्यावं.

इंदापूरकर
मग भिगवणला का नाही? पट्टकदंब हंस, रोहित, काय कमी आहे?

धरणवाला
मानवनिर्मित असणं आड येत नाही. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवा संगमावरचा ब्रिटिश काळातला बंधाराच. आड येतं ते व्यवस्थापन. भिगवणला पाणी उजनी धरणाचं, ते आवर्तनांप्रमाणे खाली येतं, उघड्या पडलेल्या गाळावरच तर पक्षी येतात. 'स्वरूप टिकवू' असं लिहून द्यायचं म्हणजे पाण्याच्या पातळीबद्दल काहीतरी लिहून देणं आलं, आणि पातळी पाटबंधाऱ्यांच्या हातात. नांदूरलाही तीच ओढाताण आहे: पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे साठा घटला, पक्ष्यांच्या हिशेबात गाळ म्हणजे उथळ पाणी झालं. काढावा की ठेवावा यावर दोघांना एका टेबलाशी बसवणं हे खरं काम.

कुतूहल
विषयांतर होतंय, पण मग आययूसीएन, डब्ल्यूडब्ल्यूएफ, बर्डलाइफ हे नक्की करतात काय? की सगळेच याद्या करतात?

चहाटळ
डब्ल्यूडब्ल्यूएफ पूर्वी कुस्ती करायचे. मग पांडा कोर्टात जिंकला आणि पैलवानांना नाव बदलावं लागलं. २००२. खोटं नाही, शोधून बघा.

पाणथळी
हे खरंच खरं आहे :)

कुतूहल, आययूसीएन १९४८ची, तिच्यात सरकारंही सदस्य आणि संस्थाही. जातींची लाल यादी तिची. त्यातल्या पक्ष्यांचं मूल्यमापन बर्डलाइफ करतं, आणि बर्डलाइफची भारतातली भागीदार आपली बीएनएचएस. लाल यादी मतावर चालत नाही. उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (जे जास्त असेल ते) संख्या ८० टक्क्यांनी घटली आणि कारण अजून थांबलेलं नसेल, तर 'अतिसंकटग्रस्त'. ५० टक्के घटली तर 'संकटग्रस्त'. वाघ-सिंह असण्याने गुण वाढत नाहीत.

गोठा_डॉक्टर
त्या यादीचा उपयोग कसा होतो याचं गिधाडांइतकं चांगलं उदाहरण नाही, म्हणून विषयांतरात भर घालतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचं आणि लांब चोचीचं गिधाड २००० साली अतिसंकटग्रस्त ठरलं. तोवर मरण्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं, विषाणूचा संशय होता. मेलेल्या पक्ष्यांच्या काळजावर, आतड्यांवर खडूची पूड फासावी तसा यूरिक आम्लाचा थर दिसायचा, म्हणजे मूत्रपिंडं गेलेली. २००४ला पाकिस्तानातल्या अभ्यासातून डायक्लोफिनॅक सापडलं. गुरांना दुखण्यावर टोचायचं, गुरू मेलं की गिधाडाच्या पोटात. शंभरात एखाद्या मढ्यात औषध असलं तरी गिधाडं झपाट्याने घटायला पुरेसं.

२००६ला गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी चालूच राहिलं, कारण माणसांसाठीची मोठी कुपी मिळत होती आणि गुराला पुरत होती. म्हणून २०१५ला माणसांची कुपी ३ मिलिलिटरपुरतीच ठेवली. गुराला पाच-सहा कुप्या फोडायला लागल्या की कुणी त्या वाटेला जात नाही. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आहे, गिधाडांना चालतं. ॲसिक्लोफिनॅक मात्र गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. ते आणि किटोप्रोफेन गुरांसाठी २०२३ला बंद झाले. बर्डलाइफ, बीएनएचएस आणि इतरांनी या सगळ्यासाठी केलेलं मुख्य काम म्हणजे औषध दुकानांतून साधं गिऱ्हाईक बनून 'गुरासाठी काहीतरी द्या' म्हणून विचारत फिरणं आणि काय हातात ठेवतात ते लिहून घेणं. त्या वह्यांवरून पुढच्या बंद्या झाल्या.

राजापूरची_गंगा
उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. आता ऐरोलीकरांच्या डंपरकडे वळूया का?

कुतूहल
२०१७च्या पाणथळ नियमांत आहे की, पाणथळीत कचरा नाही, भराव नाही, आणि कमाल पूररेषेच्या सरासरीपासून ५० मीटरमध्ये पक्कं बांधकाम नाही. रामसर स्थळांना ते आपोआप लागू आहेत.

खाजणकर
इथेच बरेच तक्रारदार फसतात. त्याच नियमांत पुढे म्हटलंय की वन कायदा, वन्यजीव कायदा आणि सीआरझेडखाली येणाऱ्या जागांना हे नियम नाहीत. ठाणे खाडीचा जवळपास सगळा भाग त्या तिघांपैकी कशात तरी येतोच. तक्रारीत फक्त २०१७चे नियम लिहिले की उत्तर येतं 'लागू नाहीत', आणि प्रकरण बंद. म्हणून आधी जागा कुठल्या पांघरुणाखाली आहे ते ठरवा:

अभयारण्यात असेल तर वनविभागाचा कांदळवन कक्ष, वन्यजीव कायदा. कांदळवन तोडलं किंवा बुजवलं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८चा निकाल सांगा, त्यावरून नेमलेली समिती आहे. संवेदनशील क्षेत्रात असेल तर त्या अधिसूचनेतलं कलम. फक्त सीआरझेडमध्ये असेल तर किनारा क्षेत्र प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी. रामसर शेवटच्या परिच्छेदात लिहा, पहिल्या नाही. तिथे मात्र माहितीपत्रकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि कलम ३.२चा उल्लेख करून मंत्रालयाला प्रत पाठवा. सचिवालयाला कुणीही नागरिक लिहू शकतो. ते तुम्हाला न्याय देणार नाहीत, मंत्रालयाला 'हे खरं का?' म्हणून विचारतील. तेवढ्यानेही फाइल हलते.

पाणथळी
पुराव्याबद्दल एक भर. उपग्रहचित्रं लावताना लोक मार्चमधलं आणि डिसेंबरमधलं चित्र शेजारी ठेवतात आणि 'एवढी खाडी बुजली' म्हणतात. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी फिरतो, साधारण त्याच घड्याळी वेळेला. पण भरती रोज त्या वेळेला नसते. एक चित्र भरतीचं, एक ओहोटीचं असेल तर नुसता उघडा पडलेला चिखल भराव म्हणून दिसतो, आणि समोरचा वकील पाच मिनिटांत तक्रार उडवतो. दोन्ही तारखांची भरतीची वेळ आणि उंची तक्त्यात बघा, जवळपास सारखी असलेलीच चित्रं घ्या. तक्ता अपोलो बंदराचा असतो, खाडीत आत भरती त्यापेक्षा उशिरा पोहोचते, तेवढा फरक धरा. जमिनीवरचा फोटो घेतानाही अक्षांश-रेखांशाबरोबर वेळ येऊ द्या.

उलटतपासणी
आणि जी तळी हद्दीच्या बाहेर आहेत त्यांचं? खाजणकर वर म्हणाले तसं उधाणाला थवे तिथेच जातात. नेरूळच्या डीपीएस तळ्याचं २०२४ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

खाजणकर
रास्त प्रश्न, आणि ठाण्याच्या रामसर हद्दीतला हाच सर्वांत मोठा दोष आहे. जेवणघर हद्दीत घेतलं, झोपायची खोली बाहेर. त्या तळ्यात भरतीचं पाणी यायचा मार्ग बंद झाला, पाणी खेळेना, शेवाळाचा जाड थर आला, पक्षी उतरेनात. २०२५ला त्याला 'संवर्धन राखीव' करायचा निर्णय झाला. पण राखीव म्हटल्याने पाणी आत येत नाही. पाण्याची वाट मोकळी आहे की नाही हे उधाणाच्या दिवशी उभं राहून बघावं लागतं. भांगाच्या दिवसांत (भरती लहान असते तेव्हा) गेलात तर चांगली उघडी वाटही कोरडी दिसेल आणि उगाच तक्रार होईल.

ऐरोलीकर
सर्वांचे आभार. माझे तिन्ही प्रश्न सुटले, चौथा तयार झाला. हद्दीचा नकाशा उतरवून घेतला. ज्या जागेबद्दल विचारत होतो ती रामसर रेषेच्या बाहेर पडतेय, साधारण २०० मीटर. कांदळवन मात्र आहे. आता?

खाजणकर
कांदळवन आहे ना? मग रामसर विसरा. किनारा व्यवस्थापन नकाशात तो सर्वे नंबर सीआरझेड-१अ दाखवलाय का ते बघा. सलग १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त कांदळवन असेल तर भोवतीचे ५० मीटरही त्यात धरतात. नकाशाचा तुकडा, सर्वे नंबर आणि फोटो घेऊन इथेच टाका, मसुदा करून देतो. फोटो पुढच्या अमावास्येच्या उधाणाला, पाणी पूर्ण चढल्यावर घ्या.

चहाटळ
आणि डंपरवाल्याला विचारून घ्या, त्याला अमावास्या चालेल का.